बिडी सुटली, डोळे सुटेनात

मखमलाबादला माझ्या झुंबरमामांचा फुलांचा मळा. शेवंती, झेंडू, थोडी गुलछडी. सोळाव्या वर्षी मामांनी बिडी ओठाला लावली आणि दोन हजार एक सालच्या चैत्रापर्यंत ती काही सुटली नाही. मग वणीच्या गडावर सासूबाईंनी त्यांना हरवलं.

झालं असं, की सगळं घर देवीच्या दर्शनाला गेलं होतं. मामांच्या सासूबाई विमलाबाई तेव्हा बहात्तर वर्षांच्या. त्या पायऱ्या चढून गेल्या, दर्शन घेतलं, आणि उतरताना त्यांना जावई अर्ध्या वाटेत दिसला, छातीचा भाता करून पायरीवर बसलेला.

"बसा निवांत," त्या म्हणाल्या. "देवी कुठं जात नाय."

मामा तिरमिरीत उठले, वर पोचले आणि देवीसमोर बिडी सोडली. कायमची.

हातातली सुटली खरी, पण डोळे सोडायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी फुलबाजारातून आल्यावर मामा मामीला म्हणाले, "सगुणा, एका रात्रीत सगळं नाशिक बिडी ओढायला लागलंय." चौथ्या गाळ्यावर कुणी काडी ओढली तरी त्यांची मान तिकडं. समोर गिऱ्हाईक झेंडू मागतंय, त्याच्यामागे एकानं खिशात हात घातला, आणि मामांनी गुलछडी तोलून दिली. रस्त्यावर पडलेलं थोटूक त्यांना लांबून दिसायचं, पण शेजारी उभा असलेला सख्खा साडू दिसायचा नाही. चहा झाल्यावर तर डोळे दावं तोडलेल्या वासरासारखे उधळायचे.

घाबरून ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर हसले. "तीस वर्षं तुम्ही डोळ्यांना एकच धडा दिलात, की बिडी दिसली म्हणजे आता मजा. ते अजून तोच गिरवताहेत, तुम्हाला न विचारता. तुम्ही ओढली नाहीत तर दमतील हळूहळू."

"किती दिवसांत?"

"ते त्यांनाच विचारा."

अशात पंधराव्या दिवशी भाग्यश्रीला, मामांच्या मुलीला, बघायला मनमाडहून पाहुणे आले. मुलगा महेश रेल्वेत, त्याचे वडील चिमाजीही रेल्वेतच. पोहे झाले, चहा झाला, प्रश्न झाले. मामा तासभर ताठ बसून मान डोलावत होते. पाहुणे गेल्यावर मामीनं विचारलं, "मुलगा कसा वाटला?"

मामा पोह्यांच्या बशा गोळा करू लागले.

"आप्पा, सांगा ना," भाग्यश्री म्हणाली. "मला तर बरे वाटले. चष्मा जरा जाड आहे."

"चष्मा होता?" मामांनी विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. चिमाजींच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातून गुलाबी कागदाचं टोक डोकावत होतं. मामांच्या बंडलालाही गुलाबीच कागद असायचा. ते टोक दिसलं आणि पुढचा तासभर खोलीत दुसरं काही उरलंच नाही.

भाग्यश्री हसत सुटली, मामीनं मात्र कपाळाला हात लावला. मामांचा चेहरा उतरला. "पोरीच्या जन्माचा प्रश्न, आणि मी व्याह्याच्या खिशात बघत बसलो," ते म्हणाले. पुढच्या रविवारी धुतलेला सदरा घालून ते एकटेच मनमाडला गेले, मुलगा नीट बघायला.

दार एका चष्मेवाल्या तरुणानं उघडलं.

"महेश हायेत का घरात?" मामांनी विचारलं.

"मीच महेश, मामा," तो तरुण म्हणाला आणि पाया पडला.

मामांना जमिनीत शिरावंसं वाटलं. तेवढ्यात आतून चिमाजी आले, मामांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आपण कोण?" मग त्यांची नजर मामांच्या खिशावर गेली आणि चेहरा उजळला. "काडेपेटीवाले पाव्हणे. या, या."

मामांच्या खिशात उदबत्तीसाठी काडेपेटी असायची. चिमाजींनी मखमलाबादला तासभर तीच पाहिली होती. त्यांनाही बिडी सोडून तेव्हा अकरा दिवस झाले होते.

"मग तुमच्या खिशात ते बंडल कसलं?" मामांनी विचारलं.

चिमाजी आत गेले आणि घडी घातलेला गुलाबी कागद घेऊन आले. तो भाग्यश्रीचा बायोडाटा होता. मामांनी स्वतःच टाइप करवून पाठवलेला.

दोघं व्याही ओसरीवर बसून इतके हसले की शेजारीण भिंतीवरून डोकावली. हसता हसता मामांना ठसका लागला. महेशनं पाणी आणलं, पाठीवर हात फिरवला आणि ठसका थांबेपर्यंत तिथंच उभा राहिला. मामांनी तेव्हा त्याला पहिल्यांदा पाहिलं. मोठे कान, जाड चष्मा, सावकाश बोलणं.

"तुम्ही ओढता का हो?" मामांनी विचारलं.

"नाही. बाबांचा धूर ओढूनच माझं लहानपण गेलं."

मामांनी तिथंच होकार दिला. मग घरी मामीला फोन लावला आणि तिनं विचारायच्या आत मुलाच्या कानांपासून चपलांपर्यंत सगळं वर्णन ऐकवलं.

पुढच्या वैशाखात लग्न झालं. चिमाजी मध्ये एकदा घसरले, आठवडाभर ओढली, आणि मामांनी दर संध्याकाळी फोन करून त्यांना पुन्हा सोडायला लावली. स्वतः मामा मात्र टिकले. डोळे हळूहळू दमत गेले, कधी ते त्यांना कळलंही नाही.

दोन हजार चार साली, दसऱ्याच्या गर्दीत, बाजारात एक माणूस त्यांच्याजवळ उभा राहून शेवंतीचा भाव करत होता. बोलता बोलता त्याच्या हातून राख फुलांवर पडली. मामांनी वर पाहिलं. त्या माणसाची बिडी संपत आली होती. म्हणजे तो अख्खी बिडी इथंच, हातभर अंतरावर ओढत होता, आणि मामांच्या डोळ्यांना पत्ताच नव्हता.

मामांनी गाळ्यावरचा सगळ्यात मोठा हार उचलून त्याच्या गळ्यात घातला. तो माणूस भांबावून दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "अहो, मी फक्त पाव किलो मागितली होती."