बारा चुळा

नाव सेतुमाधवराव. वय एकावन्न. उंची पाच फूट सहा इंच, वर्ण सावळा, ओळखीची खूण उजव्या भुवईवरचा व्रण. हुद्दा पाटबंधारे कचेरीत मुख्य कारकून, तंजावूर. मातृभाषा मराठी, बोलता येते, वाचता येत नाही. आजार मोठ्या आतड्याची जुनी सूज, सात वर्षांची, मधूनमधून उसळणारी. स्वभाव दक्ष.

'दक्ष' हा कचेरीचा शब्द. त्यांची बायको वत्सला यालाच संशयी म्हणे. कॉफीत चिकोरी वाढल्याचा त्यांना संशय असे, बसच्या वेळापत्रकाचा असे, आणि गोळीवर छापलेलं नाव आतल्या गोळीचं नसावं असाही असे.

पंचाण्णवच्या आषाढात सूज उसळली. दिवसाला बारा फेऱ्या, रक्तासकट. ते सवयीचं होतं. नवी होती ती धडधड. न्हाणीघरापासून झोपाळ्यापर्यंत चाललं तरी छातीत कुणीतरी जिना चढतंय असं वाटे. त्यांनी घड्याळ लावून नाडी मोजली: एकशे अठरा. मग घड्याळावर संशय घेऊन शेजाऱ्याचं आणलं. एकशे वीस.

डॉक्टर सुब्रमण्यम यांनी आतड्याच्या गोळ्या वाढवल्या आणि पाणी किती पिता ते विचारलं. उत्तर वत्सलाबाईंनी दिलं. प्रत्येक फेरीनंतर त्या स्वतः तांब्या भरून परसात ठेवत. दिवसाला बारा तांबे रिकामे परत येत. डॉक्टर बुचकळ्यात पडले. एवढं पाणी पिणाऱ्याची नाडी अशी पळू नये. त्यांनी हृदयाचा आलेख काढून आणायला सांगितलं.

आलेख काढायची जागा नवीकोरी होती. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर परदेशी यंत्राचं चित्र. सेतुमाधवरावांना एकदम सगळं उलगडलं.

"यंत्र आणून ठेवलं आहे," ते घरी येऊन म्हणाले, "आता त्यास छात्या पाहिजेत."

आलेखात पळण्यापलीकडे काही निघालं नाही. दोष नाही म्हणजे दोष लपवला आहे, असा त्यांनी अर्थ लावला. डॉक्टरांनी निरोप धाडला की उद्या सकाळी घरी येऊन बघतो; नाडी शंभराच्या खाली नसेल तर दवाखान्यात ठेवायचं. त्या रात्री सेतुमाधवरावांनी स्वयंपाक सोवळ्यात होतो का, पाणी कोण भरतं, अशी दवाखान्याची चौकशी केली, आणि उत्तरं ऐकून नाडी एकशे चोवीसवर नेली. तिथे गेल्यावर पन्नास वर्षं सांभाळलेलं एकही सोवळं उरणार नव्हतं. न गेल्यावर काय उरेल, हे कुणी बोलत नव्हतं.

सकाळी डॉक्टर आले तेव्हा ते परसात होते. डॉक्टर मागच्या दाराशी थांबले. सेतुमाधवराव बाहेर आले, हात मातीने घासून धुतले, पाय धुतले, तांब्या उचलला आणि चूळ भरली. थुंकली. दुसरी भरली. डॉक्टर सवयीने मोजत होते. बाराव्या चुळेला तांब्या रिकामा झाला आणि पालथा पडला.

"सार," डॉक्टर तमिळमध्ये म्हणाले, "यातलं पोटात किती गेलं?"

"पोटात कशाला जाईल? शौचानंतर बारा चुळा. शास्त्र आहे."

"आणि प्यायचं?"

सेतुमाधवरावांनी पालथा तांब्या उचलून सरळ ठेवला. प्यायचं पाणी स्वयंपाकघरात, सोवळ्याचं. त्याला शिवायचं तर आधी स्नान. बारा फेऱ्यांना बारा स्नानं करायचं त्राण नव्हतं. शिवाय आत गेलेलं पाणी दहा मिनिटांत बाहेरची वाट विचारतं, असा त्यांचा पाण्यावरही वहीम होता. पाण्याचा घोट दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर.

वत्सलाबाई दारात उभ्या होत्या. तांबे त्यांनीच मोजले होते.

"मी बारा तांबे म्हणून सांगितलं यांस," त्या मराठीत म्हणाल्या. "तुम्हीं झाडाच्या मुळाशी ओततां होय?"

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की रक्त आणि पाणी दोन्ही बाहेर चाललंय, आत काही येत नाही; उरलेलं थोडकं सगळीकडे पोचवायला हृदय धावतंय. संध्याकाळपर्यंत मुदत. मीठ-साखरेचं पाणी, भाताची पेज, थोडं थोडं, दिवसभर.

"हे पाजून फेऱ्या वाढवायच्या आणि मग दाखल करून घ्यायचं," सेतुमाधवराव मराठीत पुटपुटले.

वत्सलाबाई तासाभराने वेगळा तांब्या घेऊन आल्या. मीठ-साखर घातलेला, परसातल्या विहिरीचा, तिथेच उकळून गार केलेला, स्वयंपाकघराशी संबंध नसलेला.

"बारा थुंका. तेरावी गिळा."

"तेरावीला आधार काय?"

"मी आहे."

या आधारावरही त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता. पण दवाखान्यावर त्याहून कमी होता. ते प्याले. प्रत्येक फेरीनंतर प्याले, मधेही प्याले, आणि फेऱ्या वाढतायत का हे कागदावर टिपत राहिले. त्या बाराच राहिल्या. संध्याकाळी नाडी शहाण्णव भरली. डॉक्टरांनी दाखल करायचं रद्द केलं, आतड्याच्या गोळ्या मात्र तीन आठवडे चुकवू नका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सेतुमाधवरावांनी रजेचा अर्ज लिहिला. आजाराचे स्वरूप: हृदयाची असाधारण द्रुतगती. कारण: अद्याप तपासाधीन, विशेषज्ञांचे मत प्रतीक्षेत.

त्यांना पाणी कमी पडलं होतं.