खुर्ची गेली, पाठोपाठ उशीही गेली

सायली आज बाळंतपणाच्या रजेवरून ऑफिसला परतली. सगळे बाळाचे फोटो बघत होते आणि मी तिच्या खुर्चीकडे!

आमच्या तळोज्याच्या ऑफिसात पाठीला नीट आधार देणारी ती एकच खुर्ची. सायली रजेवर गेल्यापासून मीच वापरत होते. दिवसभर बिलं टाइप करूनही कंबर कुरकुरत नव्हती.

आज सायली बसली, मागे टेकली आणि म्हणाली, "अय्या, ही उशी कुणाची? काय बरं वाटतंय गं!"

उशी माझी. पनवेलच्या बाजारातून हौसेने आणलेली.

"असू दे गं तुलाच," मी बोलून बसले.

आता कमरेला मलम चोळून पालथी पडलेय. जळतेय मी तिच्यावर, अगदी कबूल! पण लेकुरवाळीकडून उशी परत कशी मागायची, सांगा ना?