टीडेमानच्या माथी मारलेली तारीख

एवाल्ड टीडेमानचं अक्षर बघून टपालातला कारकूनसुद्धा पाकीट जरा जपून हाताळायचा. लिंडेनहोफच्या वेधशाळेत एकोणीस वर्षं तो प्रोफेसर हॉलंडरांची पत्रं नीट उतरवून काढत होता. प्रोफेसरांचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून कागदावर घातलेला धुमाकूळ. ते चिठोऱ्यांवर खरडायचे, टीडेमान लिहून काढायचा, आणि पाकीट रीगाच्या टपालगाडीने बर्लिनला, पॅरिसला, डान्झिगला जायचं. युरोपभरचे विद्वान लिंडेनहोफला ओळखायचे ते टीडेमानच्या अक्षरावरून. सही तेवढी प्रोफेसरांची.

हे काम कोणी हलकं समजू नये. लिंडेनहोफ पडलं झारच्या मुलखात, आणि तिथलं कॅलेंडर युरोपच्या बारा दिवस मागे, म्हणून प्रत्येक पत्रावर दोन-दोन तारखा. त्यात आकाश बघणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. रात्रीच्या कामात तारीख मध्येच बदलायला नको म्हणून त्यांचा दिवस दुपारी बाराला सुरू होतो. सोळाच्या पहाटे तीनला पाहिलेला तारा ते लिहिणार ‘तारीख पंधरा, तास पंधरा’. भल्याभल्यांची इथे गाळण उडते. पण एकोणीस वर्षांत टीडेमानच्या हातून एक तारीख चुकली नव्हती. त्याला दुसरा कसला म्हणून अभिमान नव्हता, हा एवढाच होता.

त्या हिवाळ्यात डान्झिगहून डॉक्टर ब्रेन्नेकेंचं पत्र आलं. ब्रेन्नेके म्हणजे प्रोफेसरांचे जुने स्नेही, धूमकेतूंच्या कक्षा मांडण्यात हातखंडा. शेवटी दोन ओळी होत्या: आमचा लेखनिक उन्हाळ्यात निवृत्त होतोय, तुमच्याकडचा तो सुंदर लिहिणारा माणूस आम्हाला द्याल का? सोबत राहायला दोन खोल्या आहेत.

टीडेमानची एकुलती एक मुलगी हेडविग डान्झिगला दिलेली. तिला दोन मुलं झाली होती आणि आजोबा-आजीने त्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं. प्रोफेसर म्हणाले, “बघू वसंतात.” तेवढ्यावर टीडेमानची बायको मालविने हिने पोटमाळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या.

मार्चमध्ये प्रोफेसरांना धूमकेतू सापडला. तीन रात्रींचे वेध घेऊन त्यांनी ब्रेन्नेकेंना पाठवायचं पत्र खरडलं. टीडेमान उतरवायला बसला आणि तिसऱ्या वेधापाशी अडला. चिठोऱ्यावर होतं ‘तारीख सोळा, तास पंधरा’. प्रोफेसरांनी सकाळी उठून स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं असणार आणि तीच तारीख ठोकून दिली असणार. तो नाश्त्याच्या टेबलापाशी गेला.

“साहेब, तिसऱ्या वेधाला पंधरा तारीख हवी. सोळा लिहिलं तर ती सतराची पहाट होते.”

प्रोफेसर राईच्या पावाला लोणी लावत होते. “टीडेमान, धूमकेतू पाहिला कोणी? तुम्ही का मी?”

“आपणच, साहेब.”

“मग तारीख कोण सांगणार?”

“पण सतराच्या पहाटे बर्फ पडत होता. दुर्बिणीवरचं छत उघडलंच नव्हतं आपण...”

“अहो, तुम्हाला हातासाठी ठेवलंय! डोकं माझं आहे आणि ते अजून शाबूत आहे. जा, टपालगाडी निघेल.”

टीडेमानने ‘सोळा’ लिहिलं. चूक असली म्हणून काय झालं, आकडा रेखीवच काढला. मला विचाराल तर त्याने त्या दिवशी गुपचूप पंधरा लिहायला हवं होतं. पण धन्याच्या शब्दात काना-मात्रेचा बदल करायचा नाही, हे त्याचं व्रत. असली व्रतं माणसाला खड्ड्यात घालतात.

तीन आठवड्यांनी ब्रेन्नेकेंचं उत्तर आलं. आलेली पत्रं रोज कॉफीच्या वेळी टीडेमानच वाचून दाखवायचा. ‘तुमच्या तीन वेधांवरून कक्षा मांडली, ती छापलीही. नंतर बघतो तर धूमकेतू त्या जागी नाहीच. लोक हसताहेत. तिसरी तारीख एका दिवसाने पुढे आहे. चूक तुमची की तुमच्या माणसाची?’

प्रोफेसर आधी लाल झाले, मग पांढरे. खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. “लिहा,” ते म्हणाले. “‘चूक माझ्या लेखनिकाची. माणूस भला आहे, पण वय झालं, नजर साथ देत नाही.’”

टीडेमानची लेखणी थांबली. “साहेब, मी आपल्याला सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं, सांगितलं होतं! अहो, माझ्या नावाला तीस वर्षांची इभ्रत आहे. तुमच्या नावाला काय आहे? तुम्हाला काय फरक पडतो?”

“डान्झिगची जागा, साहेब.”

“ती नंतर बघू. लिहा.”

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे आपण ऐकलेलं असतं. इथे दोरही संन्याशाकडूनच वळून घेतला. टीडेमानला ओरडावंसं वाटत होतं, दौत उचलून भिंतीवर फेकावीशी वाटत होती. हात मात्र सवयीने लिहीत राहिला. घरी मालविने नातवंडांचे मोजे विणत होती आणि तो मूग गिळून सूप पीत होता.

एप्रिलअखेर उत्तर आलं. टीडेमानने पाकीट फोडलं आणि नेहमीसारखं मोठ्याने वाचलं: ‘खुलासा पोचला. अशा माणसाच्या हाती आकडे देता येत नाहीत, तेव्हा आमच्या जागेचा विषय संपला. तुम्हीही त्याला ठेवू नये असं माझं मत आहे.’ पत्राखाली घरच्यांना लिहिलेले नमस्कारसुद्धा त्याने वाचले.

“छे, छे!” प्रोफेसर पाव खाली ठेवत म्हणाले. “फार कडक माणूस. मी तुम्हाला काढणार नाही, टीडेमान. घाबरू नका. लिहा त्याला: ‘एका चुकीपायी एकोणीस वर्षांच्या माणसाला मी रस्त्यावर काढणार नाही. मी त्याला माफ केलं आहे.’”

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सोंग नव्हतं ते. एवढ्या दिवसांत ती चूक टीडेमानचीच, असं त्यांना मनापासून वाटू लागलं होतं.

टीडेमानने लेखणी खाली ठेवली. “हे मी लिहिणार नाही, साहेब.”

“का? डोळे दुखताहेत?”

“डोळे उत्तम आहेत.”

त्याने टोपी घेतली आणि तो टेकडी उतरून घरी आला. अकरासुद्धा वाजले नव्हते. मालविने बटाटे सोलत होती.

“अहो, आज इतक्या लवकर? बरं नाही का?”

“बरं आहे. प्रोफेसरांनी मला माफ केलं.”

“माफ? तुम्ही काय केलंत?”

तेव्हा तो बाकावर बसला आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. हेडविगकडे आता जाणं नाही, हेही सांगितलं. मालविनेच्या हातातली सुरी केव्हाच थांबली होती.

“आणि चूक तुमची आहे, हे तुम्ही तुमच्याच हाताने लिहिलंत?”

“हो,” टीडेमान म्हणाला. “एकही खाडाखोड न करता.”