भोपळ्याची बाकी

शामुवेल रणपिसे यांना देवानं बाकी काही दिलं न दिलं, आवाज मात्र भरभरून दिला होता. मिरज जंक्शनच्या मालधक्क्यावर उभी हयात कारकुनी केली, तेव्हा इंजिन धडधडत असतानाही त्यांनी पुकारलेला डब्याचा नंबर पार पलीकडच्या हमालाला ऐकू जायचा. निवृत्त झाल्यावर मंडळीनं, म्हणजे त्यांच्या चर्चच्या माणसांनी, त्यांना वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारा ज्येष्ठ, नेमलं आणि खजिनाही त्यांच्याच हाती दिला. माणूस चोख होता, पैचा घोळ नाही. पण चोखपणा आणि तसला आवाज एकाच माणसात आला की घरच्यांचं काय होतं, ते त्यांच्या बायकोला, रूथबाईंना विचारावं. भाजीवालीनं आठ आणे कमी परत दिले तर ते अख्ख्या गल्लीला कळायचं.

त्यांच्या चर्चमध्ये दरवर्षी सुगी झाली की उपकारस्तुतीचा सण व्हायचा. ज्याच्या घरी जे पिकलं ते आणून देवापुढं ठेवायचं आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. पुकारायला अर्थातच शामुवेलराव. एक गावठी अंडं पन्नास रुपयांना जायचं, वर हशा. पैसे लगेच नाही दिले तरी चालायचं. मात्र महिन्याच्या शेवटच्या रविवारी शामुवेलराव उभे राहून ज्यांची बाकी राहिली त्यांची नावं वाचायचे. रीत जुनी होती, त्यांनी काही ती काढली नव्हती. पण त्यांच्या आवाजात ती जरा जास्तच लागायची.

सत्त्याण्णव सालच्या सणाला केरबा आवळेनं एक तांबडा भोपळा आणला. केरबा कुपवाडच्या एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला होता. त्याची बायको भामाबाई त्याच वर्षी वारली होती आणि भोपळा तिनं छपरावर चढवलेल्या वेलाचा, शेवटचा. देवाचं देवाला म्हणून आणला खरा, पण लिलावात कुणीतरी वीस म्हटलं आणि केरबाला तो सोडवेना. तो पंचवीस म्हणाला. समोरचा तीस म्हणाला. शामुवेलरावांना रंग चढला.

"काय रं केरबा, भामाबाईचा भोपळा एवढ्यात घालवतोस व्हय?"

माणसं हसली. केरबा चाळीस म्हणाला. मग जरा भाव थांबला की वडील पुन्हा डिवचायचे, पुन्हा माणसं हसायची, आणि असं करत भोपळा सव्वातीनशेला केरबाच्याच पदरात पडला. पगार हातात पडायच्या आत किराणावाल्याच्या घशात जाणारा माणूस तो. देणार कुठून?

महिन्याच्या शेवटी त्याचं नाव वाचलं गेलं. पुढच्याही महिन्यात. आधी तो मान खाली घालून बसायचा, मग मागच्या बाकावर दाराशी बसू लागला, मग यायचाच बंद झाला. तरी वडील वाचतच राहिले. आलेल्यांचं वाचायचं आणि न आलेल्यांचं सोडायचं, हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं.

अठ्ठ्याण्णवचा नाताळ झाला आणि चर्चचे पाळकसाहेब मुंबईहून सह्यांचे कागद घेऊन आले. आफ्रिकेतल्या गरीब देशांच्या मानेवर श्रीमंत देशांचं कर्ज बसलंय, व्याज भरता भरता तिथले दवाखाने ओस पडले. दोन हजार साल हे योबेलचं वर्ष मानून ते कर्ज सोडा, अशी जगभरच्या मंडळ्यांची मागणी होती. योबेल म्हणजे शास्त्रातलं, बायबलातलं, दर पन्नासावं वर्ष. रणशिंग फुंकायचं, गहाण गेलेली जमीन ज्याची त्याला द्यायची, बांधलेला माणूस सोडायचा.

शामुवेलराव पेटलेच. हातात रेल्वेचा पास होता. कराड झालं, सातारा झालं, लोणंदच्या बाजारात कांद्याच्या पोत्यावर कागद ठेवून त्यांनी अंगठे घेतले. "मुद्दल कधीच फिटलंय, बाबांनो! माणूस मोठा का बाकी मोठी?" असं ते जीव तोडून विचारायचे, आणि ते सोंग नव्हतं.

एका संध्याकाळी रूथबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आफ्रिकेपर्यंत जाऊन आलात. कुपवाड तेवढं राहिलं."

वडील दुसऱ्या दिवशी कागद घेऊन कारखान्याच्या फाटकावर गेले. केरबानं उठून सलाम केला, स्वतःचं स्टूल पुढं केलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि अंगठा दिला. मग शाई पँटला पुसत त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "वडील, त्या देशांची नावंबी दर म्हैन्याला वाचत्यात का हो?"

शामुवेलरावांना तोंड लपवायला जागा उरली नाही. लिलावातला तो हशा कानात घुमला. त्यांनी केरबाचा हात धरला. "रविवारी ये, गड्या. तुझं नाव आता कवाच घेणार न्हाई. देवाशपथ."

शपथ घेऊ नये असं शास्त्रात आहे, तेही ते विसरले.

रविवारी केरबा आला. इस्त्रीचा शर्ट, मागचाच बाक. पाळकसाहेबांनी कागदांच्या गठ्ठ्यावर प्रार्थना केली. शामुवेलराव उठले. नुसतं 'जुन्या बाक्या सोडल्या' एवढंच म्हणायचं, असं घरून ठरवून आले होते. पण दाराशी बसलेला केरबा दिसला, ऊर भरून आला आणि तोंडाला वर्षानुवर्षांची सवय. मालधक्क्यावरचा तोच आवाज चर्चभर घुमला:

"केरबा आवळे! भोपळ्याची बाकी रुपये सव्वातीनशे! माफ!"

टाळ्या पडल्या. सगळ्या माना मागं वळल्या. केरबा उठला, तेव्हा लोकांना वाटलं आभार मानायला उठला. तो वहाणा घालून बाहेर पडला.

वडिलांनी त्याला चर्चच्या फाटकाशी गाठलं. त्याचे डोळे भरले होते.

"माफ केलंसा, लय उपकार झालं," केरबा म्हणाला. "पर नाव घेणार न्हाई म्हटलं हुतंसा."

आणि सायकलवर बसून गेला.

पंधरवड्यानं तो रूथबाईंच्या हातात सव्वातीनशे रुपये ठेवून गेला. सायकल विकली होती. "वडलांस्नी सांगा, आता नाव घ्यायला कारण उरलं न्हाई."

शामुवेलराव त्या नोटा घेऊन पायी कुपवाडला गेले. केरबानं त्यांना चहा पाजला, नोटा घेतल्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात जर्मनीत जमलेल्या पुढाऱ्यांनी काही कर्ज सोडायचं कबूल केलं. पाळकसाहेबांनी ती बातमी चर्चमध्ये वाचून दाखवली, लोकांना आनंद झाला. महिन्याचा शेवटचा रविवार होता. शामुवेलराव नावं वाचायच्या पाळीला उभे राहिले, दाराजवळच्या रिकाम्या बाकाकडं बघत काहीतरी पुटपुटले आणि खाली बसले.

"वडील, जरा मोठ्यानं," मागून कुणीतरी म्हणालं. "ऐकू आलं नाही."