तळ्याच्या पायरीवरची बाई

पाणी पिताना मी डोळे मिटून घेत असे, हे लिहायला आजही संकोच वाटतो. तांब्यात पाहिलं की तळाशी चार इवली बोटं हलताना दिसत. सीना नदीच्या पुरात आमचं गाव वाहून गेलं, त्यात माझी सहा वर्षांची गौरा गेली. यजमान पडक्या भिंती उभ्या करत गावीच राहिले. मी सोलापुरात, भवानी पेठेत भावाकडे आले आणि दिवसभर हातमागासाठी सुताच्या कांड्या भरत बसू लागले. देवावरचा विश्वास उडाला होता. लोंढ्यानं पोर हातातून ओढून नेली, असंच मी सगळ्यांना सांगितलं होतं.

आठ महिन्यांनी, एका सोमवारी, वहिनीनं मला बळंच सिद्धेश्वराला नेलं. देऊळ तळ्याच्या मधोमध. ऊन रणरणत होतं, गिरणीचा दुपारचा भोंगा नुकताच झाला होता. वहिनी पुढं गेली आणि माझे पाय वाटेतच थिजले. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी पाणी एकेक पायरी वर चढतंय असं वाटत होतं. तेवढ्यात खालच्या पायरीवर एक म्हातारी दिसली. कपाळभर विभूती, लुगडं ओलंचिंब, पण त्यातून थेंबही गळत नव्हता. "बा अव्वा," तिनं कानडीत जवळ बोलावलं. मी कशी उतरले, आठवत नाही. तिनं माझं मनगट धरलं. स्पर्श विहिरीच्या तळासारखा गार होता.

"हात कुनी सोडला?" तिनं विचारलं.

पुरात लिंबाच्या झाडाची फांदी धरून राहायला मला दोन्ही हात लागत होते, हे मी कुणापाशी बोलले नव्हते.

"मी," मी म्हणाले. "मीच सोडला." पुरानंतर पहिल्यांदाच रडू फुटलं.

"आता पानी पी."

ओंजळभर पाणी उघड्या डोळ्यांनी प्याले. त्यात नुसतं ऊन होतं. मान वर केली, तर जवळ कुणी नाही. वहिनी धावत आली. "कुनाशी बोलत हुतीस? मगाधरनं बघतीया, तू एकलीच हायस की!" पायरी कोरडी ठणठणीत होती. माझ्या मनगटावर मात्र चार ओली बोटं उमटली होती.

दुसऱ्याच दिवशी मी गावी गेले. यजमान भिंत लिंपत होते. सगळं सांगितलं. त्यांनी चिखलाचे हात धोतराला पुसले.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "चिंचंच्या झाडावरनं मी बघितलं हुतं. तू बी गेली असतीस, तर मी कुनासाठी खाली उतरलो असतो?"

माझ्या मनातलं ओझं ते आधीपासून माझ्यासोबत वाहत होते, आणि मी त्यांच्यापासूनच तोंड लपवून बसले होते.

ती म्हातारी कोण, याचा शोध मी कधी घेतला नाही. गौरा आता देवाच्या ओटीत आहे. तिला मी परत मागत नाही. सांगायला लाज वाटत होती तेच त्यानं माझ्याकडून वदवून घेतलं आणि मला माझ्या माणसाकडं परत धाडलं, एवढी कृपा मला जन्मभर पुरेल.