बोटभर सरकलेला देव

जवाहरनगरला जाणारी आमची फॅक्टरीची बस मोरीपाशी हमखास अडकायची. मोरीच्या तोंडाशी, अगदी डांबरात, गुडघाभर उंचीचा मारुती होता. त्याच्यामुळे एका वेळी दोन ट्रक निघत नसत. रस्ते खात्याच्या साहेबांनी देव हलवायचं काढलं, तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर येऊन बसलं.

रस्त्याच्या गँगचा मुकादम मात्र कुणाशी भांडला नाही. दर शनिवारी तो मारुतीला धुवायचा, सब्बलीने बोटभर सरकवायचा आणि वरून शेंदूर चोपडायचा. मी खिडकीतून पाहायचो. एकदा विचारलं, तर कानावरची विडी चाचपत म्हणाला, "हटवला तं लोक मारतीन, बाबूजी. सरकून राहिला, तं सरकू द्या ना."

चार वर्षांत मारुती कडेच्या चिंचेखाली पोचला. "देव पयलेपासून इथंच हाय," म्हातारी माणसं शपथेवर सांगायची.

रस्ता रुंद झाला, तरी दर शनिवारी आमची बस अडकायचीच. मुकादम भर रस्त्यात, देवाच्या जुन्या जागी, चपला काढून हात जोडून उभा असायचा. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तर डोळे न उघडता म्हणायचा, "थांबा जरा. गावाले मालूम नाही, पण देवाले तं मालूम हाय."