समोरच्या काकांची हाक

एका पारड्यात अख्खं कर्वेनगर आणि दुसऱ्यात आमचे समोरचे काका ठेवले आणि नुसतं बोलण्याचं वजन केलं, तर काकांचं पारडं जमिनीला टेकेल, असं मी वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले. समोरचे म्हणजे अगदी दारासमोर दार, मध्ये जेमतेम दोन पायपुसणी. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते आणि स्टँडवरच्या कर्ण्यावरून गाड्या पुकारायचं काम त्यांनी जवळजवळ तीस वर्षं केलं. निवृत्त झाले तेव्हा सरकारनं कर्णा काढून घेतला, आवाज घ्यायचा राहिला. घरातली कुठलीही गोष्ट पुकारल्याशिवाय त्यांना घडल्यासारखी वाटतच नसे. काकू बाजारात निघाल्या की हे जिन्यात उभे राहून जाहीर करत, "कृपया इकडे लक्ष द्या! सदाशिव पेठमार्गे मंडईला जाणारी आमची सौभाग्यवती, चष्मा न सापडल्यामुळे, वीस मिनिटं उशिरा सुटेल." पाण्याचा टँकर आला, लिफ्ट बंद पडली, दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या सुनेची नोकरी पक्की झाली, सगळं आम्हाला काकांच्या गॅलरीतून कळे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हौसेनं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, पण तो वाचणार कोण? बातमी तोवर शिळी झालेली असायची.

थोडक्यात बोलणं हा त्यांना अपमान वाटे. कुरिअरवाल्यानं पत्ता विचारला तर ते त्याला पत्ता नाही, मार्ग सांगत. मधले सगळे थांबे, कुठे चहा चांगला मिळतो, कुठे मिळत नाही आणि का मिळत नाही, हे सगळं ऐकून घेतल्याशिवाय त्या बिचाऱ्याची सुटका नसे. एकदा विमा विकणाऱ्या मुलीचा फोन आला. आपण सगळे अशा वेळी "नको" म्हणून फोन ठेवतो. काकांनी तिचं गाव विचारलं, तिथे जाणारी मुक्कामाची गाडी सांगितली, त्या गाडीच्या एका जुन्या ड्रायव्हरची गोष्ट सांगितली आणि चाळीस मिनिटांनी ती पोरगीच काकुळतीला येऊन म्हणाली, "काका, मी ठेवू का?"

आणि दिवसातून पन्नासदा "नलिनी!" त्यांच्या वयाचे पुरुष बायकोला "अगं" म्हणतात, "ऐकलंस का" म्हणतात. काकांना ते मुळीच मान्य नव्हतं. "स्टँडवर मी नुसतं 'अगं गाडी' असं पुकारलं असतं तर कुठली गाडी हलली असती?" असा त्यांचा सवाल. खालच्या फाटकापासून "नलिनी, पिशवी टाक!" अशी हाक आली की तिसऱ्या मजल्यावरून काकू पिशवी टाकत आणि बिल्डिंगभर कोणी ना कोणी दचकून हातातलं काहीतरी टाकत असे. मी स्वतः एकदा दुधाचं पातेलं टाकलं आहे. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी एका सकाळी काकूंनी आमची बेल वाजवली. माझी डब्यांची घाई चाललेली, कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता. काकू म्हणाल्या, "अगं, हे बोलत नाहीयेत." मी मागे न बघताच म्हटलं, "मग साजरं करा की काकू!" पुणेरी जीभ, दुसरं काय. मग वळून काकूंचा चेहरा बघितला. काका वर्तमानपत्राशी भांडता भांडता वाक्याच्या मध्यावर थांबले होते, तोंड एका बाजूला गेलं होतं आणि चहाचा कप हातातून सुटला होता. आम्ही त्यांना लगेच दवाखान्यात नेलं, ते वाचले, हातपाय महिन्याभरात चालू लागले. पण माझं ते वाक्य माझ्या घशात अजून अडकलेलं आहे. काकूंनी मला त्याबद्दल कधी एका शब्दानं टोचलं नाही, म्हणून तर ते जास्तच टोचतं.

डॉक्टरांनी सांगितलं, याला वाचाघात म्हणतात. मेंदूत गुठळी अडकली होती. काकांना सगळं कळतं, सगळं आठवतं, शब्दही आत जागच्या जागी आहेत, फक्त तिथपर्यंत पोचायचा रस्ता खचला आहे. जो तो येऊन म्हणे, "मग लिहून दाखवायला सांगा ना!" जणू काही ही युक्ती जगात त्यालाच पहिल्यांदा सुचली होती. लिहिण्याचा रस्ताही तोच, तोही खचलेला. एवढ्या मोठ्या शब्दभांडारातून काकांकडे एकच शब्द उरला, "नाही". चहा हवा का? नाही, असं म्हणून कप ओढून घ्यायचे. बरं वाटतंय का? नाही, आणि हसायचे. सदाशिव पेठेत एखादं दुकान असतं तर तेवढ्या एका शब्दावर ते जन्मभर आरामात चालवता आलं असतं, पण काकांसारख्या माणसाचं त्यात कसं भागावं?

भेटायला येणाऱ्यांची तर मला चीड यायची. काही जण काका बहिरे झाल्यासारखे ओरडून बोलत, काही जण बाळाशी बोलावं तसं. काका समोर बसलेले असताना एक लांबचे नातेवाईक काकूंना विचारते झाले, "यांना कळतं का हो काही?" काका शांतपणे उठले, बाहेर गेले, त्या गृहस्थांच्या चपला उचलल्या, जिन्याच्या दिशेनं तोंडं करून व्यवस्थित जोडून ठेवल्या आणि परत येऊन बसले. इतकं स्पष्ट तर ते बोलत असतानाही कधी बोलले नव्हते.

मग आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी सुरू झाली. तिथल्या बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. सुटा शब्द काकांना सापडत नसे, पण लहानपणापासून घोकलेली रांग असली की पहिल्यापासून सुरुवात करून हव्या त्या जागी पोचता येई. म्हणजे आकडा हवा असला तर एकपासून मोजायचं आणि त्या आकड्यावर थांबायचं. वार हवा असला तर सोमवारपासून निघायचं. किती वाजले असं कोणी दुपारी बाराला विचारलं तर उत्तर ऐकायला सवड काढून यावं लागे. मी एकदा त्यांच्याबरोबर मंडईत गेले होते. लिंबंवाल्या मावशींनी विचारलं, "किती देऊ?" काका सुरू झाले, "एक, दोन, तीन..." मागे गिऱ्हाइकांची कुरकुर सुरू झाली. मावशी एरवी कोणाला उभं करून घेत नाहीत, पण त्यांनी काकांकडे एकदा नीट बघितलं आणि त्यांच्या प्रत्येक आकड्याला एकेक लिंबू पिशवीत टाकायला लागल्या. आठावर दोघंही एकदमच थांबले. मागच्या माणसाला मावशी म्हणाल्या, "घाई असंल तर मॉलात जावा."

सगळ्याला असा काही ना काही मार्ग निघत गेला. एकाच गोष्टीला निघेना. बाईंनी काकूंचा फोटो समोर धरून विचारलं, "या कोण?" काका ओठ जुळवून, मान पुढे काढून जोर लावत, "न... न... नाही." पहिल्या दिवशी काकू खो खो हसल्या. "चव्वेचाळीस वर्षांनी खरं बोलले," म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात कमी हसल्या. महिन्याभरानं त्या फोटो दाखवायची वेळ झाली की बाहेर जाऊन बसायला लागल्या. घरी हाक मारायची म्हणून काका चमचा वाटीवर वाजवायला लागले, तर काकूंनी सरळ सांगितलं, "मला वाटीनं बोलवायचं नाही. मी मांजर नाही." आणि खरंच गेल्या नाहीत. काका मग स्वतः उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसते उभे राहत, आणि नाव घ्यायचा प्रयत्न करून करून चिडत, आणि त्या चिडण्यातूनही बाहेर काय पडायचं, तर नाही, नाही, नाही.

एका दुपारी मेथी निवडताना काकू मला म्हणाल्या, "बाकी सगळं जाऊ दे गं. त्यांच्या गाड्या नि त्यांचं राजकारण मी चव्वेचाळीस वर्षं ऐकलं, पुरे झालं. माझं नाव तेवढं राहायला हवं होतं. आई गेली, वडील गेले, दादा गेला. मुलांची मी आई, नातवंडांची आजी, तुम्हा सगळ्यांची काकू. मला नलिनी म्हणणारं आता दुसरं कोणी नाही." मी तोंड उघडलं, तर माझ्याही तोंडून "काकू" असंच निघालं. मी मेथीची पुढची जुडी ओढली.

गेल्या वर्षी माझ्या लेकीचं लग्न ठरलं. "पहिलं केळवण आमच्याकडे," असं काकूंनी बजावून सांगितलं. "तुमची दगदग होईल" म्हटलं तर म्हणाल्या, "दगदग व्हावी म्हणूनच करतेय." श्रीखंड, मसालेभात, अळूची भाजी, ताटांभोवती रांगोळी, सगळं साग्रसंगीत. मग रिवाजाप्रमाणे उखाण्यांची फर्माईश झाली. लेकीनं बरा घेतला. होणाऱ्या जावयांनी मोबाइलमध्ये बघून घेतला आणि तरीही चुकवला. मग मोठ्यांची पाळी. मी घेतला, माझ्या नवऱ्यानं घेतला, काकूंनी लाजत लाजत काकांचं नाव घेतलं. आणि जावई, बिचारे नवखे, उत्साहानं म्हणाले, "आता काका!"

लेकीनं ताटाखालून त्यांना चिमटा काढला. माझा नवरा, ज्याला दुसऱ्यांदा वाढलेलं चालत नाही, तो म्हणाला, "मसालेभात वाढा बरं जरा." काकूंनी वाढायला डाव उचलला. तेवढ्यात काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मांडवाच्या," काका म्हणाले.

आम्हाला काहीच कळेना. काकूंचा डाव मात्र हवेत तसाच राहिला.

"मांडवाच्या दारात केळीचे..." काका अडकले. त्यांच्या कपाळावर घाम आला. ते परत पहिल्यापासून निघाले, वार सांगताना सोमवारपासून निघत तसे. जावयांनी कान धरले होते. आणि मग काका एका दमात म्हणाले,

"मांडवाच्या दारात केळीचे खांब,
नलिनीचं नाव घेतो, बँडवाल्या थांब!"

म्हणून झाल्यावर हे कोण बोललं म्हणून काका स्वतःच इकडे तिकडे बघायला लागले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नात बँडवाला वाजवायचा थांबेना, तेव्हा काकांनी भर मांडवात ओरडून जुळवलेला तो उखाणा होता, हे आम्हाला नंतर कळलं. केळवणाच्या त्या पंगतीत काकूंनी सगळ्यांसमोर डोळ्यांना पदर लावला आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "ओ."

मी रडले. मला रडताना बघून जावई रडले. त्या दिवशी श्रीखंड कसं झालं होतं हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही.

आता काकांना हाक मारायची असली की ते अख्खा उखाणा म्हणतात. मीठ कमी आहे, उखाणा. पंखा लावायचाय, उखाणा. बाथरूममध्ये टॉवेल विसरलाय, दाराआडून उखाणा. नावाशी थांबता येत नाही, गाडी शेवटच्या स्टॉपपर्यंत जातेच, त्यामुळे जिन्यातून उतरणारे कुरिअरवाले "थांब" ऐकून पायरीवर थबकतात. बाकीचे शब्द फारसे परतले नाहीत. "चहा" आला, "जा" आला, "बरं" कधी येतं, कधी नाही. डॉक्टर आता फार आशा दाखवत नाहीत, आणि काकूही विचारत नाहीत. थेरपीच्या बाईंनी मध्यंतरी सुचवलं होतं की उखाण्याचे आधीचे शब्द हळूहळू गाळत गेलं तर एक दिवस नुसतं नाव घेता येईल, घरी रोज सराव करा. काकूंनी "करते हो" म्हटलं. तो सराव त्यांच्या घरात एक दिवसही झालेला नाही, हे समोरच्या दाराआड राहणाऱ्या मला पक्कं माहीत आहे.

परवा मी साखर मागायला गेले होते. काकूंची पोळी तव्यावर होती. हॉलमधून आवाज आला, "मांडवाच्या..." काकूंनी गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "काकू, पहिल्या शब्दालाच कळतं ना, तुम्हाला बोलावतायत ते?"

"कळतं की."

"मग जात का नाही?"

काकूंनी बोटानंच मला गप्प केलं. "थांब गं," म्हणाल्या, "नाव यायचंय अजून."